लाखबंद डिस्क आणि निष्कलंक सेवा

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या एका सरकारी कचेरीला तीन वर्षांपूर्वी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क मंजूर झाली. रोजच्या कामाची दुसरी प्रत तिच्यात उतरवायची आणि कॉम्प्युटरने मान टाकलीच तर तो तिच्यावरून सुरू करायचा, असा तिचा दुहेरी उपयोग परिपत्रकात नमूद होता. डिस्क भांडारप्रमुख बहगत यांच्या नावावर चढली; कचेरी त्यांना अदबीने 'उस्ताज' म्हणे. नावावरची वस्तू जशी मिळाली तशी परत केल्याशिवाय निवृत्ती नाही, हा नियम बहगतना तोंडपाठ होता. त्यांनी डिस्क कपाटात ठेवली, कुलूप घातलं, कुलपावर लाख ओतून सरकारी गरुडाचा शिक्का उठवला. नोंदवहीत मात्र दर महिन्याला न चुकता सही केली: 'प्रत घेतली. डिस्क उत्तम.'

निवृत्तीला दोन दिवस उरले होते. रास अल-बरला समुद्राकाठच्या दोन खोल्या त्यांची वाट बघत होत्या. नेमका त्याच मंगळवारी कचेरीचा कॉम्प्युटर बंद पडला.

गेल्याच महिन्यात बदलून आलेल्या मादाम नरमीन धावत आल्या. "उस्ताज, ती डिस्क द्या. जोडली की मशीन उठेल."

"शिक्का फोडायचा अधिकार मला नाही, बाई."

"अहो, पण डिस्क वापरायलाच दिलीय ना?"

"दिली असेल. पण परत घेणारा काय विचारणार? वापरली का, की धड आहे का?"

नरमीननी कपाळावर हात मारला आणि संचालकांना गाठलं. संचालकांनी तत्परतेने त्रिसदस्यीय समिती नेमली. समितीने चहा घेतला, लाखेची पाहणी केली, पुन्हा चहा घेतला आणि गुरुवारी दुपारी शिक्का फोडला.

आतून डिस्क निघाली ती प्लास्टिकच्या वेष्टनासकट.

"उस्ताज, ही तर कोरी आहे!" नरमीन ओरडल्या. "आणि नोंदवहीत छत्तीस वेळा 'प्रत घेतली'?"

"नोंद करा असा हुकूम होता. केली."

समितीने अहवाल दिला: डिस्क नवीकोरी, भांडारप्रमुख अभिनंदनास पात्र. बहगतचे डोळे पाणावले. "मग आता माझा निवृत्तीचा कागद द्या."

"तो मशीनमध्येच होता," संचालक म्हणाले. "तुमची सगळी नोकरीच त्यात होती. नोकरीला लागल्याचा पुरावा आणा, मग खुशाल निवृत्त व्हा. तोवर भांडार सांभाळा. घरी एखादी प्रत असेलच की?"

"घरी कशाला ठेवू? सरकार सांभाळतंय ना!"

कचेरी खो खो हसली. नरमीनही हसल्या, आणि मधेच थांबल्या. लेकीचे जन्मापासूनचे सगळे फोटो एकाच फोनमध्ये होते. या शुक्रवारी नक्की उतरवून घ्यायचे, असं त्या चार वर्षं ठरवत होत्या. शेजारच्या टेबलावरचं हसूही विरलं, मग पलीकडचं. जो तो गुपचूप आपला फोन चाचपू लागला.

हे वाचता वाचता तुमचाही हात खिशाकडे गेला असेल. त्याची नोंद कुठल्याही वहीत केलेली नाही.