किसनआण्णा आणि वजनगटातले रॅपर

आमच्या शेजारचे किसनआण्णा रॅप म्हणणाऱ्या पोरांचं आधी वजन करतात. आवाज नंतर. सत्तावन्न किलोच्या पोराची जोड सत्तावन्नच्याच पोराशी लावायची, फार तर दोन किलो इकडंतिकडं. पेठ वडगावहून शहाण्णव किलोचा एक गायक यायचा. त्याला तीन रविवार जोड मिळाली नाही. चौथ्या रविवारी तो आलाच नाही. आण्णा म्हणाले, "वजन उतरवायला गेला आसंल."

आण्णा चाळीस वर्षं कुस्तीचे पंच होते. निवृत्त झाले तरी पंचगिरी काही सुटली नाही. भाजीवाल्यापाशी दोन बायकांचं वाजलं, तर हे पिशवी खाली ठेवून गुण देतात. एकदा आमच्या गॅलरीत गॅस सिलिंडरवरून माझं आणि बायकोचं बोलणं जरा चढलं, तेव्हा खालून आवाज आला, "वैनी दोन, काटेवालं शून्य." काटेवाले म्हणजे मी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं नोकरी झाली. उसाची गाडी भरून येते आणि रिकामी जाते, मधला फरक मी लिहितो. आजवर एक किलो इकडचा तिकडं लिहिलेला नाही.

यामुळंच आण्णांनी मला तालमीत नेलं. दर रविवारी सकाळी तिथं हा प्रकार चालतो. आण्णा त्याला 'तोंडाची कुस्ती' म्हणतात. दोन पोरं आखाड्यात समोरासमोर उभी राहतात आणि नव्वद-नव्वद सेकंद एकमेकांना यमकात बोलतात. वजन आणि वेळ लिहिणं माझ्याकडं.

पहिल्या रविवारी मला एक अक्षर कळलं नाही. एका पोराचे शब्द मोजायचा प्रयत्न केला, पंधरा सेकंदांत बासष्ट झाले आणि मी सोडून दिलं. एक जण दुसऱ्याला उभा चिरणार होता, दुसरा पहिल्याला पंचगंगेत सोडणार होता. मी घाबरून आण्णांकडं बघितलं. ते शांत. पंधरा मिनिटांनी चिरणारा आणि सोडणारा एकाच प्लेटमध्ये मिसळ खात होते, कटही एकाच वाटीतला. मग मघाचं खरं, की हे? घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही वजन करा.

आण्णांचे नियम तीन. एक, बूट काढून मातीत उतरायचं. पोरं ते महागाचे बूट छातीशी धरून, ठेवायला जागा शोधत फिरतात. एकानं तर मला दर पाच मिनिटांनी विचारलं, बूट हायत न्हवं जाग्यावर? दोन, सुरुवातीला आणि शेवटी हातात हात देऊन सलामी. तीन, आई-बहीण काढली की एक गुण कट आणि हत्यार काढलं की दोन. या तिसऱ्या नियमावर फार वाद होतो. एक जण म्हणाला, आण्णा, ह्यात कोयता लागतोच, सगळीकडं हाय. आण्णांनी शिट्टी मारून त्याला विचारलं, "तुझ्याकडं हाय का कोयता?" तो म्हणाला, न्हाई. "मग खोटं बोललास, दोन गुण कट. आन हाय म्हणालास तर चल पोलीस ठाण्यात, मी गाडी काढतो." पोरगं आपले बूट शोधायला लागलं. त्याच्या घरात खरोखरचा कोयता होता तो आज्ज्याचा, ऊस तोडायचा. पण ते सांगायला त्याला लाज वाटत होती.

हे सगळं आण्णा कशासाठी करतात, ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा मुलगा सागर.

सागर चांगला गायचा. तालमीतली पोरं त्याला लहानपणापासून 'रांगडा' म्हणत, तेच नाव घेऊन तो रॅप करू लागला. मुंबईच्या एका कंपनीचे दोन लोक घरी आले. बावीस पानांचा इंग्रजी कागद होता. आण्णांनी पाहुण्यांना तांबडा-पांढरा रस्सा जेवू घातला, हातात हात दिला आणि सागरच्या सहीखाली, त्याच्याच पेनानं, साक्षीदार म्हणून सही केली. मी म्हणालो होतो, एकदा वाचून बघू. आण्णा म्हणाले, "हात दिल्यावर कागद वाचायचा म्हंजे पावण्याला चोर म्हणायचं."

तो कागद मी नंतर वाचला, डिक्शनरी घेऊन, चार संध्याकाळी. गाणी त्यांची. 'रांगडा' हे नावही दहा वर्षं त्यांचं. आणि काय गायचं ते ते ठरवणार. त्यांनी ठरवलं कोयता. ज्या पोरानं कधी कोंबडी कापली नाही, त्याच्या हातात दोन कोयते देऊन शूटिंग केलं. मग कुणाशी तरी वैर पाहिजे म्हणून इचलकरंजीचा अल्ताफ निवडला. हा मागावर काम करणारा, मागात आडवा पळणाऱ्या धोट्यावरून 'धोटा' नावानं गायचा. सागर त्याला ओळखतही नव्हता. कंपनीनं लिहून दिलं, सागरनं गाण्यातून शिव्या दिल्या. अल्ताफनं उत्तर दिलं. गाणं लाखांत बघितलं गेलं. आणि पेठ वडगावात एका कार्यक्रमानंतर सागरच्या नावानं घोषणा देणाऱ्यांनी अल्ताफला मारलं. डाव्या हाताची दोन बोटं मोडली, ती अजून सरळ होत नाहीत.

खोटं वैर कुठल्या घडीला खरं झालं, हे मी पुष्कळदा मांडून बघितलं. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी असं काही त्यात सापडत नाही. मारणाऱ्यांनी कंपनीचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि कंपनीला वडगाव कुठं आहे ते माहीत नव्हतं.

सागरनं गाणं सोडलं. शिरोलीत फौंड्रीत लागला. आण्णा दर आठवड्याला एकच म्हणत, मातीतली खुन्नस मातीतच मिटती, अल्ताफसमोर उभा ऱ्हा. आणि सागर दर आठवड्याला एकच उत्तर देई, "मी चौऱ्याऐंशी, त्यो सत्तावन्न. जोड बसत न्हाई. तुमचाच नियम हाय आण्णा."

दीड वर्ष हे चाललं. आण्णांना स्वतःचा नियम मोडता येईना आणि मुलाला त्या वैरातून सोडवता येईना.

गेल्या महिन्यात एका रविवारी अल्ताफ स्वतःच आला. आण्णांनी बोलावलं होतं की कुणी दुसऱ्यानं, मला माहीत नाही. सागर त्या दिवशी आण्णांचा डबा द्यायला आला होता, तो दारातच थांबला. मी दोघांची वजनं केली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. सागरही मुकाट्यानं काट्यावर उभा राहिला. चौऱ्याऐंशी आणि सत्तावन्न.

आण्णा माझ्या कानाशी आले. "काटेवालं, दोघंबी सत्तर लिव्हा."

मी म्हणालो, ते होणार नाही.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर वहीत घातली. सव्वीस वर्षं एकीकडं आणि हा माणूस एकीकडं. मग मी बेरीज केली, एकशे एक्केचाळीस. दोनानं भागलं. वहीत लिहिलं, 'जोडीचं सरासरी वजन साडेसत्तर', आणि खाली सही केली. यात खोटं काहीच नव्हतं. यातून सिद्धही काही होत नव्हतं. आण्णांनी मोठ्यानं वाचलं, "साडेसत्तर. जोड मंजूर."

सागर हसला की काय ते मला नीट दिसलं नाही. पण त्यानं चपला काढल्या.

सलामीला अल्ताफनं उजवा हात पुढं केला. सागरनं तो घेतला, मग डावाही धरला, जरा जपूनच. आधी अल्ताफ बोलला. हत्यार नाही, आई-बहीण नाही, नव्वदातले अठ्ठ्याऐंशी सेकंद. मग सागर. चाळीस सेकंद तो नुसता उभा होता. मी घड्याळ थांबवावं का विचारायला आण्णांकडं बघितलं, त्यांनी मान हलवली, चालू द्या. एक्केचाळिसाव्या सेकंदाला तो सुरू झाला, आणि इतका भरभर की मला मधली एकच ओळ कळली. पोरं मात्र ओरडत उठली. अल्ताफनं डोळे पुसले. आण्णांनी दोघांचे हात वर धरून बरोबरी जाहीर केली.

मिसळ खायला पोरं निघून गेली, त्यांच्यात सागरही. मी आणि आण्णा घराकडं चालत होतो. मी म्हणालो, चांगलं झालं. त्यांनी मान डोलावली. थोडं पुढं गेल्यावर थांबले आणि म्हणाले, "काय म्हणला त्यो?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांच्या कानांकडं लक्ष गेलं. पैलवानाचे कान, मातीत रगडून रगडून मिटलेले. म्हणाले, सावकाश बोललेलं कळतं, पळतं बोलणं कळत नाही. कोयता म्हणताना सगळी पोरं हात वर करतात, तेवढं दिसतं. बाकी आजवर तोंडं बघून गुण दिले. सागरची गाणीसुद्धा कधी कळली नव्हती, पहिल्यापासून. घरात विचारायची लाज वाटली.

मी सांगितलं, आण्णा, मला एकच ओळ कळली. 'सही आण्णांची हुती, पन पेन माझं हुतं.'

ते रस्त्यातच उभे राहिले. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. मी त्यांना कडेला घेतलं.

"जरा सावकाश सांगा की," आण्णा म्हणाले.