मारोतरावांची शिंदी

मारोतराव दगड चाटायचे. गिट्टीच्या ढिगातून एखादा उचलायचे, शर्टाला पुसायचे, जीभ लावायचे आणि विचारात पडायचे. ओल्या दगडात आतलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

रोहण्याला आम्ही शेजारी. ते रस्त्याच्या गँगचे मुकादम, मी त्याच खात्यात कारकून. दिवसभर फायली उपसून मी घरी टेकतो न टेकतो, तोच कुंपणावरून हाक यायची. "बाबू, हे पाहा. शंख हाये. इथं पाणी होतं." मी न बघताच हो म्हणायचो. त्यांची शाळा चौथीपर्यंत, पण दगडातले शंख, पानं, बिया त्यांनी बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवल्या होत्या. कुणी 'मेलेले किडे' म्हटलं की त्यांना लागायचं. "मेलं नाई थे. थांबून राह्यलं."

खरा जीव होता तो एका खोडावर. रस्ता खोदताना निघालेलं, हातभर लांब, तुटल्या तोंडावर शिंदीच्या झाडाच्या खोडात दिसतात तसे बारीक ठिपके. "शिंदी हाये. दगड झाली." गाव हसायचं. एकदा शिकल्या माणसानं हो म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. नागपूरच्या एका प्राध्यापकांना त्यांनी माझ्याकडून पत्रांवर पत्रं लिहून घेतली. माझा हात दुखला, उत्तर काही आलं नाही.

घोटाळा केला त्यांच्या बायकोनं, गिरजाकाकूंनी. एका सकाळी त्यांनी ते खोड तुळशीजवळ उभं करून शेंदूर फासला. मुकादमांनी कपाळाला हात लावला. काकू म्हणाल्या, "तुम्हीच त सांगता, जितं होतं अन् दगड झालं. मंग देव नाई त काय?" दर शनिवारी शेंदराचा नवा हात चढत गेला. ठिपके बुजले.

काकू गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात प्राध्यापक खरंच आले. डबे पाहायला बसले ते उठेचनात. मग खोडाकडे वळले. "शेंदूर खरवडा. शिंदी असेल तर आत्ता सांगतो." चाकू मीच आणून दिला. पत्रांतून सुटलो एकदाचा, असं वाटलं.

मारोतराव चाकू घेऊन वाकले. वरच्या तोंडाशी पातं नेलं, आणि चाकू मला परत दिला.

"राहू द्या, साहेब. दगडच असन."

जीप गेल्यावर मी चिडलो. "काऊन, मुकादम? इतकी पत्रं लिहिली मी."

त्यांनी मला खोडाजवळ बसवलं. वाळलेल्या शेंदरात, वरच्या तोंडावर, काकूंच्या बोटाचा ठसा होता. शेवटच्या शनिवारचा. मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

"मेली नाई थे, बाबू," ते म्हणाले.

पुढचे शब्द त्यांना बोलवले नाहीत. मला ते पाठ होते.