तिखट नसल्याची तक्रार

त्या तक्रारीकडे लक्षच द्यायचं नाही, असं वसीलाने ठरवलं होतं. आमच्या घरात ठरवण्याचं काम तिचं. मी फक्त होकार देतो (नगरपालिकेत जन्माचे दाखले देऊन देऊन तशी सवयच झाली आहे, जन्म झालेला असतो, आपण फक्त शिक्का मारायचा). पण त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "नाही! आपण लढायचं!"

"कुणाशी?" वसीलाने विचारलं.

"त्या सूसच्या माणसाशी! ॲपवाल्यांशी! आणि वेळ पडली तर..." पुढे कोण ते सुचेना, म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. ती लसणाच्या वाटीत पडली.

प्रकरण असं होतं. वसीला हरीसा करते. म्हणजे लाल मिरच्या वाळवून, लसूण, धने नि शहाजिरं घालून वाटलेला ठेचा, वर ऑलिव्हचं तेल. आमच्या नाबुलमध्ये तो घरोघरी होतो, पण वसीलाच्या हातचा वेगळा. लग्नघरातून तिला बोलावणी येतात. घरबसल्या विक्री करायच्या एका ॲपवर तिने दुकान उघडलं, तेव्हा गल्लीतल्या बायका हसल्या होत्या. मग तिच्या बरण्या साऱ्या ट्युनिशियात जायला लागल्या, तेव्हा त्याच बायका आमच्याकडे बरणी उसनी मागायला येईनाशा झाल्या. यश म्हणजे दुसरं काय असतं?

आणि ऐन रमजान तोंडावर आलेला असताना सूस शहरातल्या कुणा शेदली नावाच्या गिऱ्हाइकाने लिहिलं, "हरीसा तिखट नाही. पैसे परत करा."

ॲपवाल्यांनी आम्हाला न विचारता पैसे परत करून टाकले. ते गेले तर गेले. पण वसीलाच्या दुकानावर त्यांनी लाल पट्टी चिकटवली: 'माल वर्णनाप्रमाणे नाही.' मुदतीत पुरावा दिला नाही, तर दुकान बंद.

"आपण लक्षच द्यायचं नाही," वसीला पुन्हा म्हणाली. पण तिने मिरच्या भिजत घालणं थांबवलं होतं. खलबत्ता धुऊन, पुसून कपाटाच्या वर ठेवला होता. हात चालायचा थांबला, की ही बाई आतून मोडली असं समजावं.

मी ॲपवाल्यांना फोन लावला.

"सर, माल तिखट आहे याचा पुरावा?" पलीकडून एका गोड आवाजाच्या मुलीने विचारलं.

"पुरावा कसला? जिभेवर ठेवा म्हणजे कळेल!"

"जीभ अपलोड करता येत नाही, सर. फोटो किंवा व्हिडिओ पाठवा."

"तिखटाचा फोटो?"

"लाल रंग चालणार नाही, सर. लाल टोमॅटोही असतो."

म्हणून व्हिडिओ काढायचं ठरलं. मी हरीसा खायचा, वसीलाने माझा चेहरा टिपायचा. कल्पना माझीच. एक अडचण होती: मला तिखट अजिबात सोसत नाही. माझ्यासाठी कुसकुसचा रस्सा वेगळ्या पातेल्यात होतो. गल्लीत ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही (म्हणजे माझ्या सासूबाई ज्यांच्याशी बोलत नाहीत, त्यांना माहीत नाही). पण इथे तीच जमेची बाजू होती. एक चमचा पोटात गेला, की माझा चेहराच साक्ष देणार!

सगळं जमलं असतं. पण ऐन वेळी सासूबाई आल्या. लल्ला मन्नूबिया (लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब). आल्या, खुर्ची ओढून कॅमेऱ्यामागे बसल्या आणि हातातली जपमाळ फिरवत म्हणाल्या, "जावईबापू, रडू आलं तर लाजू नका हं. मी शेजारच्या मबरूकाला सांगूनच आलेय, आरडाओरडा झाला तर घाबरू नको म्हणून."

"मला काही होत नाही," मी म्हणालो.

"अरे, पण व्हायलाच हवंय!" वसीला फोनमागून कुजबुजली.

"होईल गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या लग्नात पानात हिरवी मिरची आली, तर हे टेबलाखाली गेले होते. पाहुण्यांना वाटलं, अंगठी शोधताहेत."

मी चमचा भरला. शिगोशीग. तोंडात घातला.

पहिला क्षण काहीच नाही. मग जिभेवर कुणीतरी इस्त्री ठेवली. इस्त्री घशात उतरली, तिथून कानात गेली. डोळ्यांच्या मागे पाणी दाटलं, दारावर धडका मारू लागलं. आणि समोर सासूबाई! वाटच बघत! नजर माझ्या पापण्यांवर!

मी रडलो नाही. काय वाटेल ते होवो, या बाईपुढे रडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मी चेहरा असा दगडासारखा ठेवला, की माझ्या वडिलांच्या दफनालासुद्धा मला तो जमला नव्हता. मी चघळलं. मी गिळलं. आणि वर स्मित करून म्हणालो, "छान आहे."

वसीलाने फोन खाली ठेवला. मग मी अंगणातल्या नळाकडे धावलो. नळाला पाणी नव्हतं. जिरेनियमच्या कुंडीखालच्या बशीत होतं. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

"परत काढू," मी बशीतून डोकं वर काढून म्हणालो.

"गेला," वसीला म्हणाली.

"काय गेला?"

"व्हिडिओ. आईने बटण दाबलं."

"'पाठवा' असं लिहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी पाठवला."

उत्तर लगेच आलं. 'प्रिय विक्रेते, पुराव्याबद्दल आभार. माल तिखट नसल्याचे व्हिडिओवरून स्पष्ट होते. तक्रार मान्य. दुसरा पुरावा स्वीकारला जाणार नाही. खरेदीदाराने स्वतः तक्रार मागे घेतल्यासच फेरविचार होईल.'

वसीलाने ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाली, "फुटबॉलची मॅच हरली की रडतोस. कांदा न चिरताच रडतोस. आयुष्यात एकदा, लमजद, फक्त एकदा मी म्हटलं, रड..."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळा खाली उतरवू लागली. शेजारणीला द्यायला.

"एकही माळ हलवायची नाही!" मी म्हणालो. "मी सूसला जातो."

पार्सलवर पत्ता होताच. मी रजा टाकली, एक नवीकोरी बरणी टॉवेलात गुंडाळली आणि भाड्याच्या सामायिक गाडीत चढलो. वाटभर भाषणाची तयारी केली. सुरुवात 'महाशय' अशी होती आणि शेवटी ते माझे पाय धरत होते.

दार एका थकलेल्या चेहऱ्याच्या बाईने उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तिने टॉवेलातली बरणी पाहिली.

"पार्सल ना? आत आणा. पण हळू. बाबा परत करायच्याच तयारीत बसलेले असतात."

शेदलीसाहेब ओसरीवर बसले होते. ताठ कणा, टक्कल, पांढऱ्या भुवया. निवृत्त न्यायाधीश आहेत हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी न विचारताच हात पुढे बांधून उभा राहिलो. भाषण कुठे गेलं ते आठवेना.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"नाबुलचा हरीसा. म्हणजे मी हरीसा नव्हे. मी त्याचा नवरा. म्हणजे जी करते तिचा."

"अस्सं. प्रतिवादी पक्ष," ते म्हणाले. "बसा. तुमच्या हरीशात दम नाही."

"साहेब, अख्खी गल्ली..."

"गल्ली इथे साक्षीला आलेली नाही. पण मी तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. सगळं जगच बिघडलंय. मासा फुळकवणी, चीज म्हणजे खडू. या हिवाळ्यात कुणाच्याच हाताला चव राहिली नाही. माझ्या मुलीच्याही."

मुलगी, तिचं नाव नाइला, पाण्याचा पेला माझ्या हातात देताना वाकली आणि पुटपुटली, "परवा लिंबं परत पाठवली. आंबट नाहीत म्हणून."

"हिवाळ्यात काही झालं होतं का यांना?" मी तेवढ्याच हळू विचारलं.

"मोठा ताप आला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ताटाला नावं ठेवतात. आई गेल्यापासून मीच करते सगळं. आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायला नको वाटतं."

मला कपाटावरचा खलबत्ता आठवला. मी उठून उभा राहिलो.

"साहेब, इथेच सुनावणी घ्या. बरणी सीलबंद आहे. आधी मी खातो, मग तुम्ही."

त्यांच्या भुवया वर गेल्या. बऱ्याच दिवसांत असं काही त्यांच्या वाट्याला आलं नसावं. "नाइला, पाव आण. आणि दोन चमचे."

या वेळी सासूबाई नव्हत्या. मी चमचा तोंडात घातला आणि स्वतःला मोकळं सोडलं. असा रडलो, असा रडलो, की नाइलाने हातरुमाल दिला, तो पुरला नाही, मग टेबलपुसणं दिलं.

न्यायाधीशांनी माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. "नाटक," ते म्हणाले. पावावर जॅम लावावा तसा त्यांनी हरीसा फासला आणि शांतपणे खाल्ला. एक घास. दुसरा घास. "बघा. काही नाही. नुसतं लाल..."

ते थांबले. टकलावर एक थेंब उगवला. मग दुसरा. नाकाचा शेंडा लाल झाला, कान लाल झाले. घाम भुवयांतून गळायला लागला आणि डोळ्यांतून पाणी.

"हे काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तिखट लागलंय तुम्हाला!"

"मला तर काही चव..." हातातला पाव तसाच राहिला. कितीतरी खटले ऐकलेला माणूस. समोरचा पुरावा त्यांना लगेच कळला. "म्हणजे हरीसा तिखट आहे."

त्यांनी पाव खाली ठेवला.

"म्हणजे माशाला चव होती. लिंबंही बरोबर होती." ते मुलीकडे वळले. आवाजातला न्यायाधीश निघून गेला होता. "आणि तुझी सूपं. सगळा हिवाळाभर. नाइला, मी रोज तुला..."

नाइलाने तोंडावर ओढणी धरली. मग ती रडली, तेही रडले, आणि मी तर आधीपासूनच रडत होतो. तिघांची कारणं वेगळी होती, पण टेबलपुसणं एकच.

डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. तक्रार मागे घ्यायचंही ठरलं. निरोप घेताना म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. परतीच्या गाडीत मी शेजारच्या प्रवाशाला सगळी हकीकत सांगितली. त्याने मधेच जागा बदलली, पण माझी छाती काही खाली गेली नाही. वसीलासाठी मी कुणाशीतरी लढलो होतो आणि जिंकलो होतो!

घरात पाऊल टाकलं तर खलबत्त्याचा आवाज येत होता. लाल पट्टी गेली होती. वसीलाने मिरचीच्याच हातांनी माझा चेहरा धरला (डोळे पुढे बराच वेळ उघडता आले नाहीत) आणि म्हणाली, "त्यांनी अभिप्रायही लिहिलाय!"

"वाच, वाच!" मी डोळे मिटूनच खुर्चीत रेलून म्हणालो.

सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला: "'हरीसा अस्सल तिखट आहे. दोष माझ्या जिभेचा होता, विक्रेतीची क्षमा मागतो. मात्र पार्सल घेऊन येणारा माणूस फार हळवा आहे. घरात येऊन ओक्साबोक्शी रडतो. पुढच्या वेळी दुसरा पाठवावा.'"

"तू काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"आभार मानले," वसीला म्हणाली. "आणि लिहिलं, की माणूस जुना आहे, परत घेत नाहीत."