टाकी वाहाय लागली!

प्लंबर? आणि माझ्या घरात? छ्या! छत्तीस वर्षं एमआयडीसीत लेथवर काढलेला माणूस मी. केसाएवढी चूक नुसत्या बोटाला कळायची. मला कसला आलाय प्लंबर!

दुखणं तसं किरकोळ. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉकचा पोकळ चेंडू असतो. पाणी भरलं की तो वर येतो आणि धार बंद करतो. माझ्या चेंडूत पाणी शिरलेलं, त्यामुळं तो बुडून बसायचा. सकाळी सहाला पाणी सुटायचं आणि साडेसहाला शेजारच्या चिमणाबाईंच्या अंगणात धबधबा!

"बसाप्पाण्णा! टाकी वाहाय लागली की वो! माझं बंबाचं सरपण भिजलं!"

मी धावत जाऊन खालचा कॉक बंद करायचा. त्या कुंपणापलीकडून दहा मिनिटं माझा उद्धार करायच्या आणि शेवटी विचारायच्या, "चा घेतलासा का?" वर्षभर हेच चाललं होतं.

एक दिवस मात्र त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "प्लंबर आणा, न्हायतर मी आणती!"

हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी नवा बॉलकॉक आणि पान्हा घेऊन मी शिडी चढलो. खालचा कॉक बंद करायला तेवढा विसरलो! जुना बॉलकॉक सुटला आणि असा फवारा उडाला की चष्मा टाकीत, पाठोपाठ पान्हाही. मी अंगठ्यानं पाइप दाबून धरला. आता सोडता येईना आणि उतरताही येईना!

"चिमणाबाई! पाणी! पाणी!"

"दिसतंय मला! सरपण आत ठेवलंय. वाहू दे आज!"

"अवो, कॉक बंद करा कुणीतरी!"

त्यांचे मालक पिराजी धावले आणि गडबडीत त्यांनी अख्ख्या गल्लीचाच व्हॉल्व्ह फिरवला. पाच मिनिटांत गल्ली माझ्या दारात! समोरचे गणपतराव तर अंगभर साबण आणि कमरेला पंचा अशा थाटात.

"कुणी तोडलं रं पाणी? डोळं चुरचुरायलेत माझं!"

शेवटी चौघांनी मिळून बॉलकॉक बसवला. मी सगळ्यांना चहा केला. बायको गेल्यापासून न निघालेले कप त्या दिवशी कपाटातून निघाले. मी इतका बोललो की घसा बसला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला टाकी भरली, चेंडू वर आला, धार बंद. हाक नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ध्यानात आलं, तीन दिवसांत माझं नाव कुणी घेतलंच नव्हतं. लेक विद्याश्री दिलीय चंदगडला, तिचा फोन रविवारी. घर खायला उठलं, खोटं कशाला सांगू!

संध्याकाळी मी एक खिळा घेऊन गच्चीवर गेलो.

पाचव्या दिवशी सहाच्या ठोक्यालाच हाक आली, "बसाप्पाण्णा!"

मी चप्पल न घालताच पळालो. "टाकी वाहाय लागली व्हय? हल्लीचा मालच असला बघा!"

"अजून भरायची हाय ती. काल खिळा घेऊन चढताना बघितलंय मी तुमास्नी." चिमणाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बोलायचं आसंल तर हाक मारावी की माणसानं! चेंडवाला कशाला भोकं पाडतासा? या, चा टाकलाय."

छत्तीस वर्षांच्या अनुभवात हे काही सुचलं नव्हतं. मी गेलो. पिराजींशी गप्पा रंगल्या, दुसरा कप आला, आणि तेवढ्यात अंगणात धो धो आवाज झाला.

खालचा कॉक बंद करायचा राहिलाच होता. सरपण त्या दिवशी बाहेरच होतं.