तांदळात पुरलेली गाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या शेजारच्या गेनूआबांच्या घरी इंद्रायणी तांदळाचा पत्र्याचा डबा आहे. त्या डब्याच्या तळाशी, काडेपेटीएवढा एक गाणी वाजवायचा प्लेअर पाच महिने पुरलेला होता. तो तिथं गेला माझ्यामुळं.

पण आधी आबा कसे आहेत ते सांगतो.

गेनूआबा रेल्वेत गँगमन होते. आता कामशेतला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि दोन खाचरांत भात करतात. माणूस एका शब्दावर जगतो: ट्रायल. "आदी ट्रायल घ्यायची, भाऊ. पटलं तर म्होरं." लोणावळ्याला गेले की प्रत्येक चिक्कीच्या दुकानात एकेक तुकडा चाखतात आणि शेवटच्या दुकानात पाणी मागतात. एकदा चपला घेताना 'जरा चालून बघतो' म्हणून स्टेशनपर्यंत गेले, तिथं कुणी जुना सोबती भेटला, तासाभरानं परतले आणि अंगठा चावतोय म्हणून चपला परत केल्या. दुकानदार तोवर त्यांच्या जुन्या चपला राखत बसला होता. लेकीला स्थळ आलं तेव्हा मुलाला ऐन आवणीत, भात लावायच्या घाईत, चार दिवस बोलावून चिखलात उतरवला. चौथ्या दिवशी पोरगं कंबर धरून का होईना, हसत होतं. तेवढ्यावर पास झालं.

ट्रायल न घेता आबांनी घेतलेली एकच वस्तू म्हणजे तो प्लेअर. त्यात आवाजही भरता यायचा. त्यांची बायको, कौसामावशी, बुद्धविहारातल्या बायकांत पहिला आवाज त्यांचा. जयंतीला त्या उभ्या राहिल्या की स्पीकरवाला आपणहून आवाज कमी करायचा. आबांनी घरी बसून त्यांची एकेचाळीस गाणी भरून घेतली. मावशी गेल्यावर वर्षभरानं प्लेअर घेऊन ते माझ्याकडं आले. "एक कापी काढून ठिवा, भाऊ. वस्तूचं काय खरं न्हाई."

गल्लीत कॉम्प्युटर कळणारा म्हणजे मी. सगळ्यांचे अर्ज भरतो, दाखले काढतो. प्लेअर जोडला, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. आबा शेजारी टक लावून बसलेले. त्यांच्यासमोर थांबून अक्षर अक्षर वाचायची मला लाज वाटली. मी 'हो' दाबलं. सगळं पुसलं गेलं.

आत ओल गेलीय, असं मी सांगितलं. मावळात हे कुणालाही पटतं. पावसाळ्यात आमच्या लग्नाच्या अल्बमलाही बुरशी येते. आबांचा चेहरा उतरला. खाचरात काम करताना प्लेअर त्यांच्या खिशात असायचा. "माजीच चूक," एवढंच म्हणाले आणि घरी जाऊन प्लेअर तांदळात पुरला, ओल ओढून घेतो म्हणून. दर रविवारी काढायचे, बटण दाबायचे, पुन्हा पुरायचे. त्या तांदळाचा भात मी दोनदा त्यांच्याकडं जेवलो. मी भात नुसता चिवडत बसलो, तर आबा विचारतात, तांदूळ नवा हाय, चिकट लागतोय का?

शेवटी पुसलेल्या फायली शोधून काढणारं एक सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं आणि आबांना प्लेअर तांदळातून काढून आणायला सांगितला. ट्रायलचं. सापडेल ते दाखवणार, प्रत्येक गाणं अर्धं मिनिट ऐकवणार, बाकीचं विकत घेतल्यावर. आबा खूश. "कॉम्पुटरात बी ट्रायल असती? लय शानी मान्सं म्हनायची."

एकेचाळीसच्या एकेचाळीस सापडली. पहिलं लावलं. आधी खोकला, मग मावशी: "लाल दिवा लागला का? मग सांगायचं न्हाई व्हय?" भांडं पडल्याचा आवाज. "तोंड काय बगताय, दार लावा." घसा खाकरला, पहिला सूर लागला आणि अर्धं मिनिट संपलं. दुसऱ्यात शर्टाच्या बटणावरून. तिसऱ्यात चहा उतू गेला, तोही आबांमुळंच. एकेचाळीस वेळा आबांनी बोलणी खाल्ली आणि एकेचाळीस वेळा गाणं तोंडाशी येऊन तुटलं. सव्विसाव्यात मावशी म्हणाल्या, "हे घिऊन खाचरात जाऊ नगा. भिजंल."

आबांनी कानाची पाळी धरली. "न्हाई ऐकलं मी तुजं."

तेव्हा बोलायचं होतं. मी पुढचं गाणं लावलं.

दुसऱ्याच दिवशी पूर्ण सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळी गाणी प्लेअरमध्ये परत भरली. रविवारी आबांना बोलावून पहिलं गाणं अखेरपर्यंत ऐकवलं. मावशींचा आवाज खोलीत मावत नव्हता. आबा मात्र चुळबुळत होते. संपल्यावर म्हणाले, "ब्येस. आता ट्रायलवालं लावा."

"आबा, आता सगळं आहे की."

"गानी ती सगळ्यांसाठी म्हनायची. विहारातल्या बाया अजून म्हनत्यात." बोटानं प्लेअरकडं दाखवलं. "आदीचं बोलनं तेवढं माज्यासाठी हुतं."

आता दर रविवारी येतात. मी प्रत्येक गाण्याचा पहिलं अर्धं मिनिट लावतो, आबा वीसेक मिनिटं मनापासून बोलणी खातात. सव्विसावं आलं की न चुकता कान धरतात. मी कीबोर्डकडं बघतो.

गाणी मी परत दिली. एक वाक्य द्यायचं राहिलंय: आबा, ती पाण्यानं गेली नव्हती, मी पुसली होती.