स्टेपनीचा डबा

कॉलेजच्या पोहण्याच्या संघात त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्याला स्टेपनी म्हणत. रिले शर्यतीचे चौघे ठरलेले, हा पाचवा. कोणी आजारी पडलं तरच पाण्यात, आणि आजारी कोणी पडत नसे. रोज सराव संपला की ते चौघे कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसत, कॅप्टनच्या डब्यातली ताकदीची पावडर पाण्यात घुसळत आणि कशावर तरी खिदळत. स्टेपनी समोर उभा राहून कोरडा झालेला टॉवेल पिळत राही. पावडरीचं त्याला काही नव्हतं. कोणी जरा सरकून "ये, बस" म्हणावं, एवढंच वाटे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी चौथ्याला कांजिण्या आल्या. सरांनी स्टेपनीच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या तू."

घरी जाऊन त्याने जिममध्ये जाणाऱ्या थोरल्या भावाचा पावडरीचा डबा मागून घेतला.

"जरा कडक आहे," दादा म्हणाला. "अर्धाच चमचा घे. आणि उपाशीपोटी नको."

"हो रे," स्टेपनी म्हणाला. ऐकलं मात्र अर्धंच.

सकाळी कॅप्टनचा डबा नेमका रिकामा निघाला. संघातल्या लंबूने तो उलटा करून ठोकून पाहिला.

"माझ्याकडे आहे," स्टेपनी हळूच म्हणाला.

तिघांनी वर पाहिलं. कॅप्टन सरकला. बाकावर जागा झाली.

इतकी वर्षं टॉवेल पिळून मिळालेल्या जागेवर बसून माणूस अर्धा चमचा कसा वाढणार? त्याने स्वतःसकट प्रत्येकाला शिगोशीग दोन-दोन चमचे घातले.

"एवढी?" गप्प्याने विचारलं. तो एरवी बोलतही नसे.

"आमच्याकडे एवढीच घेतात. नाश्ता झालाय ना?"

"शर्यतीआधी कोण खातं?" असं म्हणून लंबूने पेला रिकामा केला.

थोड्या वेळाने कॅप्टन कान चोळू लागला. "मुंग्या चावल्यासारखं होतंय."

"लागू पडतेय," स्टेपनी म्हणाला. त्याच्याही गालांवर मुंग्यांची रांग निघाली होती.

मग लंबूचं पोट असं गुरगुरलं की तिघांनी मागे वळून पाहिलं. गप्प्या उठला आणि न बोलता संडासाकडे निघाला. त्याच्या मागोमाग लंबू, मग कॅप्टन. स्टेपनी पोचला तेव्हा शेवटचं एकच दार उघडं होतं.

"अरे, नाव पुकारतायत," बाहेरून सर ओरडले. "कुठे आहात?"

"आतच आहोत, सर," कॅप्टन क्षीण आवाजात म्हणाला. "चौघंही."

मग शिट्टी वाजली आणि पाण्याचा आवाज आला. त्या पाण्यात उडी मारायची स्वप्नं पाहतच स्टेपनी रोज झोपायचा. आता भिंतीपलीकडे दुसरेच कोणी पोहत होते. त्याने नाक ओढलं.

"रडतोयस का?" शेजारून लंबूने विचारलं.

"नाही. माझ्यामुळे झालं हे सगळं. सरांना मीच सांगतो."

"वेडा आहेस का? तुला संघातून काढतील," कॅप्टन म्हणाला. "आपण बाहेर काहीतरी खाल्लं, असं सांगायचं."

"काय खाल्लं?" गप्प्याने विचारलं.

"ते ठरवू आता. बसलोच आहोत."

स्टेपनीने डोळे पुसले. "शिळी अंडी?" तो भीत भीत म्हणाला.

पलीकडे तिघंही गंभीरपणे विचारात पडले.

"चालेल," कॅप्टन म्हणाला. "पण कुठल्या गाडीवरची, ते सगळ्यांनी एकच सांगायचं."