मानेचा कौल

माणसाच्या शरीरात मान हा एकमेव प्रामाणिक अवयव आहे. जीभ घसरते, डोळे काणाडोळा करतात, हात टेबलाखालूनही पुढे होतात. मान मात्र हो असेल तर वरखाली हलते आणि नाही असेल तर आडवी. या सत्याचा औद्योगिक वापर प्रथम नाशिकजवळच्या आमच्या अंबडच्या कारखान्यात झाला, याचा चाचणी समितीचा इतिवृत्त-लेखक या नात्याने मला अभिमान आहे.

२००३ साली आमच्या कंपनीने जीपसाठी हेडअप डिस्प्ले बनवला. म्हणजे गाडीचा वेग समोरच्या काचेवरच हिरव्या आकड्यांत दिसायचा. ड्रायव्हरला मान खाली घालावी लागू नये, हा हेतू. (कंपनीत मान खाली घालायला इतर प्रसंग पुरेसे होते.) कल्पना आमच्या खंडेराव साहेबांची. ते ओझरला विमानांच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. विमानातला आकडा कसा देवासारखा स्थिर असतो, हे ते डोळे मिटून सांगत. आकाशात खड्डे नसतात, एवढी बाब आराखड्यात घ्यायची राहून गेली.

चाचणीचा मार्ग नाशिक ते वणी. ड्रायव्हर वाल्मीक, घोटीकडचा, सहा वर्षं हंगामी. चाचणी पार पडली की त्याला कायम करायचं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी तो कपाळ दाबत परतला.

"साहेब, आकडा लय नाचतो. तीस हाय का ऐंशी, कळत नाय. डोळे पार शिणले."

समितीने गांभीर्याने विचार केला. काच हलते, डोकंही हलतं, पण दोघांचं एकमत नसतं, हे मूळ दुखणं. आधी आकडे मोठे केले. (फूटभर केल्यावर ते चांगले दिसू लागले, पण समोरचा द्राक्षांचा ट्रक दिसेना.) मग वाल्मीकच्या गळ्यात पट्टा बांधला. आकडा थांबला नाही, पण आजारी माणूस समजून लोक त्याला वाट देऊ लागले आणि फेरी वीस मिनिटं लवकर संपू लागली. ही सुधारणा म्हणून नोंदवण्यात आली.

शेवटी शास्त्रशुद्ध प्रश्नावली निघाली. दर किलोमीटरला ड्रायव्हरला विचारायचं, ‘आकडा आरामात दिसतो का?’ त्यातलं कलम चार माझ्या हातचं: ‘ड्रायव्हरचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून उत्तर तोंडी न घेता मानेने घ्यावे.’ योगिनी ही आमची नवी इंजिनीअर शेजारी बसून कागदावर खुणा करत गेली. तीन फेऱ्या, एकशे चौतीस प्रश्न, एकशे एकतीस होकार. नकार फक्त तीन. (दोनदा म्हैस आडवी आली, एकदा शेळी.)

"सर, रस्त्यानेच मान हलत असेल तर?" योगिनीने विचारलं.

खंडेराव साहेबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "अहो, मग आडवी का नाही हलली?"

वाल्मीक समितीपुढे हात जोडून म्हणाला, "खरंच दिसत नाय, साहेब." त्यावर त्याच्या तोंडात आणि मानेत तफावत का, याचा लेखी खुलासा मागवण्यात आला. शिवाय यंत्र निर्दोष ठरल्यामुळे दोष त्याच्या डोळ्यांतच असणार, हे उघड होतं. तेव्हा कायम करणं राहिलं बाजूला, त्याला सोमवारपासून गेटवर बसवायचा ठराव झाला. सोबत उपठराव: ‘यापुढे तोंड व मान यांत तफावत आढळल्यास मान ग्राह्य.’ त्याखाली माझी सही आहे. वाल्मीकच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी इतिवृत्तात बघत बसलो.

शनिवारी समितीला पाहणीसाठी वणीला न्यायचं, ही त्याची शेवटची फेरी. खंडेराव साहेब, मी आणि आणखी दोन सभासद मागे. योगिनी पुढे, मागे वळून, मांडीवर प्रश्नावली. त्या दिवशी वाल्मीकने एकही खड्डा चुकवला नाही. चुकवायचा तर गाडी आडवी घ्यावी लागते. दिंडोरीच्या पुढे, जिथे डांबर आठवणीपुरतं उरलं होतं, तिथे त्याने विचारलं, "साहेब, मला कायम करता ना?"

चारही माना वरखाली हलल्या. योगिनीने चार खुणा केल्या.

"आन् हे काचेवरचं काढून टाकू ना?"

पुन्हा चार.

"नाही! मुळीच नाही!" खंडेराव साहेब ओरडले.

"सर, तोंडी उत्तर कलम चारप्रमाणे घेता येत नाही," योगिनी म्हणाली. साहेब संतापून काही बोलणार तोच पुढचा खड्डा आला. त्याचीही नोंद झाली.

सोमवारी वाल्मीक कायम झाला. त्याने पेढे वाटले, मला दोन दिले. मला मनापासून आनंद झाला, आणि हे मी मान न हलवता सांगतो आहे.

पद्धत मात्र वाया गेली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने यंत्रं सोडून जनमत चाचणीचा धंदा धरला. पहिलं काम वणी रस्त्याच्या ठेकेदाराचं. त्याच मार्गावरच्या एसटी गाड्यांमधल्या प्रवाशांना विचारायचं होतं, ‘हा रस्ता आहे तसाच राहू द्यावा का?’ शंभर टक्के होकार आला. (म्हैसदेखील आडवी आली नाही.)

रस्त्याविषयी तुम्ही घरी बसून फार तक्रार करता, असं माझ्या कानावर आलं आहे. पण ती तोंडी. कागद मी स्वतः तपासले आहेत. तुम्ही मागून तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसला होता, आणि एका खड्ड्यात तर तुम्ही दोनदा होकार दिलात.